पगडी, फेटा आणि हेल्मेट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला विषयाचे पूर्ण स्वातंत्र्य दिले. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे माझ्याकडून संस्थेच्या वाटचालीचा आढावा किंवा धम्मचळवळीतील एखादे प्रकरण अपेक्षित असावे. आजवर मी अशाच विषयांवर लिहीत आलो. या वेळी मात्र मी हेल्मेटवर लिहीत आहे. उत्सवाच्या अंकात हा विषय काहींना किरकोळ, काहींना अप्रस्तुत वाटेल. तो मी का निवडला, ते आधी सांगतो.

आपल्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलेला एक विद्यार्थी होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याच्या बरोबरीच्या मुलांना ते कळेलच. वडील बांधकामावर बिगारी, आई धुणीभांडी करणारी. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागला. दोन वर्षांनी त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली. घरी पूजा वगैरे काही केली नाही. गाडी थेट शाळेत आणली. "सर, बसा मागे, एक चक्कर मारू," म्हणाला. मी बसलो. मोशीपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मला फार अभिमान वाटला. मी त्याचे अभिनंदन केले, हप्ता किती आहे ते विचारले, आईला गाडीवरून फिरवून आण असे सांगितले. आमच्या दोघांच्याही डोक्यावर काही नव्हते, आणि ते मला सुचलेही नाही.

त्यानंतर वर्ष पूर्ण होण्याआधी, रात्रपाळी करून घरी परतताना, पहाटे पुणे-नाशिक महामार्गावर तो पडला. खड्डा चुकवताना गाडी घसरली एवढेच कळले. वेग फार नव्हता. हातापायांना खरचटण्यापलीकडे इजा नव्हती. मार डोक्याला लागला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

जलदानविधीच्या दिवशी त्याच्या आईने कपाटावरून एक हेल्मेट काढून माझ्यासमोर ठेवले. त्यावरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते. "सर, गाडीसोबत मिळालं होतं. नवं आहे, घासलं जाईल म्हणून ठेवलं होतं. कंपनीच्या गेटवर लागतं म्हणून एक जुनं टोपीसारखं न्यायचा तो." ते जुने हेल्मेट अपघाताच्या वेळी त्याच्या कोपराला अडकवलेले होते. कारखान्याच्या फाटकाशी पोहोचला की डोक्यावर आणि फाटक ओलांडले की हातात, असा त्याचा रोजचा क्रम होता. सुरक्षारक्षकाला दाखवण्यासाठी हेल्मेट होते, रस्त्यासाठी नव्हते.

"ताई, चूक माझीही आहे," एवढेच मी त्या माउलीला म्हणू शकलो. हा लेख त्या वाक्याचा विस्तार आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा हा पट्टा आपल्या समाजासाठी काय आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी येथून जवळच असलेल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानावर कारखाने आले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली, त्यांतील अनेकांनी याच माळावर झोपडी बांधली. आपल्या विद्यालयाचे कितीतरी पालक त्या पिढीतील आहेत.

या पट्ट्याचे आणि दुचाकीचे नातेही जुने आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली चेतक स्कूटर एके काळी देशभर धावली. आज चाकणच्या कारखान्यातून मोटारसायकली बाहेर पडतात. त्या जोडणारे हात आपल्याच मुलांचे आहेत. आणि तीच मुले पहाटे पाच वाजता किंवा मध्यरात्रीनंतर, कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून वाट काढत, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण या रस्त्याने किंवा तळेगाव-चाकण मार्गाने महाळुंगे, निघोजेकडे ये-जा करतात. कायम कामगारांना कंपनीची बस असते. ठेकेदाराकडच्या मुलाला बहुधा नसते. त्याची बस म्हणजे त्याची दुचाकी.

ही दुचाकी त्याच्यासाठी नुसते वाहन नसते. ज्या समाजातील नवरदेवाने घोड्यावर बसू नये म्हणून आजही या देशात काही गावांत दगडफेक होते, त्या समाजातील मुलगा स्वतःच्या कमाईच्या गाडीवर ताठ बसतो, याचे मोल मी जाणतो. म्हणून गाडी घेणाऱ्या मुलाला मी उधळा म्हणणार नाही. त्या ताठ मानेवरचे डोके शाबूत राहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे दर शंभरात जवळपास पंचेचाळीस. आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या होती ५०,०२९. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेले म्हणजे कोण? बहुतेक घरांत पत्नी, बहीण, आई किंवा मित्र. एका वर्षात पन्नास हजार म्हणजे एखाद्या तालुक्याचे गाव पुसले जाण्यासारखे आहे. हे सारे हेल्मेटने वाचलेच असते असे कोणी म्हणणार नाही. पण जगभरातील अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हे ज्ञान कोठून आले, तो इतिहासही पाहण्यासारखा आहे. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ज्यांना जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखते ते गृहस्थ, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले. सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदुशल्यचिकित्सक होते. एवढा नामांकित माणूस केवळ डोक्याच्या माराने हातचा जातो, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणारे लष्करी दुचाकीस्वार मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा केर्न्स यांनी त्यांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ऑक्टोबर १९४१ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचे मुख्य कारण डोक्याची इजा होते. आणि त्यांनी पाहिलेल्या जखमींपैकी ज्या सात जणांनी हेल्मेट घातले होते, ते सातही जगले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांसाठीचा कायदा यायला मात्र बरीच वर्षे लागली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तो १९६१ मध्ये केला, आणि खुद्द ब्रिटनने १९७३ मध्ये. तोवर केर्न्स यांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती. पुरावा हाती असूनही समाज तो स्वीकारायला किती वेळ लावतो, याचे हे उदाहरण मी नववीच्या वर्गात सांगतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १२९ ने हेल्मेट बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, ते स्पष्टपणे लागू केले, आणि कलम १९४ ड नुसार दंडाबरोबर तीन महिने परवाना रद्द राहण्याची तरतूद आली. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणेही बेकायदा आहे. नवी दुचाकी घेताना तिच्यासोबत हेल्मेट मिळणे हा केंद्रीय नियमांनुसार ग्राहकाचा हक्क आहे. कायद्यात फारसे काही कमी नाही. प्रश्न कायदा पाळण्याचा आहे.

आणि इथे पुण्याची आठवण येते. १ जानेवारी २०१९ पासून पुणे शहरात हेल्मेटचा नियम कठोरपणे राबवण्याचे पोलिसांनी ठरवले. पहिल्याच आठवड्यात त्याविरुद्ध दुचाकी मोर्चा निघाला. मोर्चेकऱ्यांपैकी अनेकांनी डोक्यावर पुणेरी पगडी घातली होती. पुढे लोकप्रतिनिधींनीच शहरातील कारवाई थांबवावी असा आग्रह धरला. त्याआधी जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली होती. तीही विरोधामुळे टिकली नाही. विद्येच्या माहेरघरात विवेकावर पगडीने मात केली, असे तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही हसत म्हणालो होतो.

आज ते हसू मला टोचते. कारण १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा १ जानेवारीला भीमा कोरेगावकडे निघणाऱ्या आपल्या दुचाकी फेऱ्या मी पाहतो. एका गाडीवर तिघे, हातात झेंडा, डोक्याला निळा फेटा. हेल्मेट शोधून सापडत नाही. पगडीवाल्यांना आपण जे म्हणालो, ते आपल्या फेट्यालाही लागू आहे. धर्मश्रद्धा म्हणून पगडी बांधणाऱ्या शिखांना कायद्याने सूट दिली आहे. आपला फेटा श्रद्धेचा भाग नाही. तो उत्साहाचा भाग आहे. ज्या महामानवाने आयुष्यभर डोके वापरायला शिकवले, त्यांच्या जयंतीला आपण तेच डोके उघडे टाकून भरधाव निघतो, यातील विसंगती कोणीतरी मोठ्याने बोलायला हवी. आपल्याच माणसांविरुद्ध बोलणे अवघड असते. तरीही ते आपणच बोलले पाहिजे.

हेल्मेटला होणारे आक्षेप मी अनेकांकडून ऐकले आहेत. ते सारेच खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात घाम येतो, हे खरे. सांभाळायला अडचण होते, हेही खरे. मानेला त्रास होतो म्हणणाऱ्याने योग्य मापाचे, हलके हेल्मेट घेतले तर बहुतेक तक्रार मिटते. राहता राहिला मुख्य आक्षेप: गावातल्या गावात, कमी वेगात हेल्मेट कशाला? याचे उत्तर आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला फळ्यावर करून दाखवले. दीड मीटर उंचीवरून काहीही खाली पडले, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो. म्हणजे उभी गाडी कलंडून माणूस डांबरावर पडला तरी डोके त्या वेगाने आदळू शकते. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. हेल्मेटचे बाहेरचे कवच हा मार पसरवते आणि आतला थर्माकोलचा थर स्वतः चेपून मेंदूला बसणारा धक्का शोषतो. म्हणूनच एकदा जोरात आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. म्हणूनच रस्त्याकडेला मिळणारे स्वस्त टोपीसारखे हेल्मेट पोलिसांपासून वाचवते, डांबरापासून वाचवत नाही. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोहोचते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. माझे डोके, माझी मर्जी. संविधान शिकवणारा माणूस म्हणून या आक्षेपाकडे मी गांभीर्याने पाहतो. पण आपल्या घरांत ते डोके एकट्याचे असते का? आपला मुलगा अनेकदा घरातील पगाराची पहिली पावती आणणारा असतो. त्याच्यावर बहिणीचे शिक्षण, वडिलांचे औषध आणि गाडीचा हप्ता उभा असतो. तो गेला तर कुटुंब एका पिढीने मागे जाते. तो जगला आणि अंथरुणाला खिळला, तर आईचे काम सुटते आणि बहिणीची शाळा सुटते. ज्या श्रीमंताच्या मागे जमीनजुमला आहे, त्याला हा धोका एक वेळ परवडेल. आपल्याला तो परवडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो बौद्ध घरांतही ऐकू येतो. "वेळ आली की जायचंच. हेल्मेट घालूनही माणसं मरतातच की." हे नशीब आपल्याकडे कोठून आले? बाबासाहेबांनी आपल्याला दैववादातून बाहेर काढले. तथागतांनी कारणाशिवाय कार्य नाही हे सांगितले. खड्डा हे कारण आहे, अंधार हे कारण आहे, बारा तासांच्या पाळीनंतर मिटणारे डोळे हे कारण आहे आणि उघडे डोके हेही कारण आहे. जी कारणे आपल्या हातात आहेत ती दूर करणे, याला धम्मात अप्पमाद म्हणतात. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, त्याचा गाभा हाच होता: सावध राहून यत्न करा. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील आपण रोज सकाळी वंदनेत घेतो. त्या शिलाच्या कक्षेत स्वतःचा आणि मागे बसवलेल्या माणसाचा प्राणही येतो, असे मी मानतो.

येथवर मी आपल्या लोकांना बोललो. आता दुसरी बाजू. हेल्मेटची चर्चा नेहमी चालकाच्या डोक्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. चौकात पावती फाटते ती मुख्यतः दुचाकीवाल्याची. खड्डा बुजवला नाही म्हणून कोणाची पावती फाटलेली मी पाहिली नाही. दिवे बंद असलेला रस्ता, रस्त्यात रात्रभर उभा असलेला ट्रेलर, दुभाजकाला कोणीही पाडलेले भगदाड, तळेगाव चौकातील आणि आंबेठाण चौकातील कोंडी, या सर्वांची जबाबदारी हेल्मेटखाली झाकून टाकता येणार नाही. हेल्मेट अपघात टाळत नाही. ते अपघातानंतर जीव वाचवते. अपघात टाळण्याचे काम रस्ता बांधणाऱ्यांचे, वाहतूक सांभाळणाऱ्यांचे आणि कामाच्या वेळा ठरवणाऱ्यांचे आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद परिसरातील कोळसा खाणीत स्वतः उतरले. कामगार ज्या परिस्थितीत काम करतो ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी नियम करू नयेत, ही दृष्टी त्यामागे मला दिसते. आज चाकणच्या कारखान्यांचे आणि ठेकेदारांचे जे अधिकारी सुरक्षा सप्ताह साजरा करतात, त्यांनी एकदा पहाटे आपल्या कंत्राटी कामगाराच्या मागे दुचाकीवर बसून मोशीपर्यंत यावे. फाटकावर हेल्मेट तपासण्याइतकेच, फाटकाबाहेर त्या मुलासाठी बस उभी करणे हेही सुरक्षेचे काम आहे. सलग दोन पाळ्या केलेल्या माणसाला दुचाकीवर घरी धाडणे हा त्याच्या जिवाशी केलेला खेळ आहे. ही मागणी कामगार संघटनांनी करावी आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज पर्यवेक्षक किंवा मनुष्यबळ विभागात अधिकारी आहेत, त्यांनी ती आतून मांडावी.

काही हक्क असे आहेत, जे पालकांना माहीत नसतात म्हणून बुडतात. ज्या कामगाराच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्याला घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला, तर कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१ ई आल्यापासून तो कामावरचा अपघात मानला जातो. त्यासाठी वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात, नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्यालाही असाच अर्थ लावला. तो रखवालदारही दुचाकीवरून कामावर निघाला होता. म्हणून पगारपत्रक, हजेरीची नोंद आणि ईएसआयचे कार्ड घरात जपून ठेवा. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये देण्याची केंद्राची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. आणि रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे. पोलीस मागे लागतील या भीतीने पाहत उभे राहू नका. त्या पहाटे माझ्या विद्यार्थ्याजवळ थांबलेला पहिला माणूस एक टेम्पोवाला होता. तोवर किती गाड्या पुढे निघून गेल्या, ते कोणी मोजलेले नाही.

१८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त, बाबासाहेबांनी पुण्यातच एक भाषण दिले होते. हक्कांचे रक्षण केवळ कायद्याने होत नाही, समाजाची नैतिक जाणीव त्यांच्यामागे उभी असावी लागते, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार होता. तो विचार सामाजिक हक्कांविषयी होता, हे मला ठाऊक आहे. तरी हेल्मेटच्या कायद्याकडे पाहताना तो मला आठवतो. पोलीस दिसला की डोक्यावर आणि पोलीस गेला की कोपरावर, अशी जी आपली रीत आहे, ती दंड वाढवून बदलणार नाही. घरातून निघताना आईने अडवले, कामावर सोबत्याने टोकले, विहारात उपासकांनी विचारले, तर बदलेल.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने काही गोष्टी सुचवतो. आपल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला दुचाकीवर येणाऱ्या प्रत्येकाने, मागे बसणाऱ्यासह, हेल्मेट घालून यावे. ही अट निमंत्रणपत्रिकेवर छापावी. गुणवंतांचा सत्कार आपण पुस्तक देऊन करतो. आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून कामाला लागलेल्या मुलाला पुस्तकाबरोबर आयएसआय चिन्हाचे हेल्मेट द्यावे. त्यासाठी माझ्याकडून पहिली वर्गणी मी संस्थेच्या कार्यालयात जमा केली आहे. जयंतीच्या दुचाकी फेरीत निळा फेटा गाडीच्या हँडलला बांधावा आणि डोक्यावर हेल्मेट असावे. आपल्या वस्तीतील मंडळांनी हा ठराव करावा. दोन गाड्यांमागे तीन हेल्मेट असे चालणार नाही. जेवढी डोकी तेवढी हेल्मेट. आणि आम्हा शिक्षकांसाठी: शाळेच्या फाटकातून उघड्या डोक्याने आत येणाऱ्या शिक्षकाला हा विषय वर्गात बोलण्याचा अधिकार नाही. हे मी माझ्यापासून सुरू केले आहे. एकोणीस वर्षे मी तसाच येत होतो.

आता एखादा माजी विद्यार्थी नवी गाडी घेऊन भेटायला येतो, तेव्हा मी आधी त्याच्या डोक्याकडे पाहतो. हेल्मेट असेल तर पट्टा लावला आहे का ते पाहतो. नसेल तर चहा मिळतो, पण चक्कर मारायला मी बसत नाही. मुले हसतात. काही जण पुढच्या वेळी हेल्मेट घालून येतात. एकाने तर मागे बसणाऱ्यासाठी दुसरेही आणले आणि म्हणाला, "सर, आता तरी बसा."

मी बसलो. मोशीपर्यंत जाऊन आम्ही परत आलो.